फटफटी सिस्टर कुणाच्या मागे लागल्या

फटफटी सिस्टर परदेशात एका परपुरुषाच्या मागे लागल्या, तेही केस पांढरे झाल्यावर, आणि प्रकरण थेट साहेबापर्यंत गेलं, ही बातमी आमच्या गल्लीत शिंपीणकाकूंनी आणली. काकूंना तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय. त्यामुळे आवाज बारीक निघतो, आणि बारीक आवाजात सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्याला उगाचच खरी वाटते. सकाळी माप द्यायला गेलेल्या बाईने ऐकलं तेव्हा तो पुरुष नुसताच पुरुष होता. दुपारपर्यंत त्याच्या अंगावर चामडी जाकीट आलं. संध्याकाळी तो सिस्टरपेक्षा बराच लहान झाला, आणि दिवेलागणीला कुणीतरी त्याला घटस्फोटितही करून टाकलं.

"मागे लागल्या म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे मागे लागल्या. गाडी घेऊन. भर रस्त्यात. आता याहून जास्त मी माझ्या तोंडाने काय सांगू?"

याहून जास्त त्यांनी नंतर अर्धा तास सांगितलं.

गंमत अशी की त्या बातमीतलं जाकीट खरं होतं. बाकीचं मला पुढे सिस्टरकडून कळलं, काही त्यांच्या लेकीकडून, आणि जे दोघींनी सांगितलं नाही ते जावयाकडून. जावई हा माणूस फार सरळ आहे. त्याला चहा दिला की तो सगळं सांगतो.

सिस्टर आमच्या समोरच राहायच्या. दवाखान्यात परिचारिका, पण काम घरोघर फिरण्याचं. बाळंतिणी बघायच्या, टाके काढायचे, अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा धुऊन पट्ट्या बदलायच्या. मोटारसायकल खरं तर नवऱ्याची. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा आणि त्याला रस्ते फक्त नकाशावर जमायचे. गाडी घेतल्यावर आठवडाभरात गुरुजींनी ती पोस्टाच्या भिंतीला नेऊन टेकवली. त्यानंतर बायको पुढे आणि गुरुजी मागे, मांडीवर वह्यांचा गठ्ठा, अशी ती जोडी गल्लीतून निघायची. लोक खिडकीत यायचे. कुणी गुरुजींना छेडलं तर ते चष्मा पुसत म्हणायचे, "मागे बसलं की आजूबाजूचं नीट बघता येतं. तुम्ही कधी बसून बघा." फटफटी सिस्टर हे नाव तेव्हा टवाळीने पडलं. पुढे तेच दवाखान्याच्या पाटीवर लिहिलं असतं तरी कुणाला वावगं वाटलं नसतं.

आणि चालवायच्या कशा! हॉर्नवर अंगठा कायम. वळणावर एकदा छोटा, म्हणजे मी येतेय. कुत्र्यासाठी दोन. ट्रकमागे लांबलचक, आणि ट्रकवाल्याने खिडकीतून हात हलवला की त्याच्या बाजूने सुळकन पुढे. सिग्नलला गाड्यांच्या मधल्या फटीतून वाट काढत अगदी पहिल्या रांगेत. यात त्यांचं वेगळं असं काही नव्हतं, आपण सगळे तसेच चालवतो. त्यांचं वेगळं होतं ते दुसऱ्याच्या गाडीकडे बघणं. कुणाची डिकी उघडी, कुणाच्या पिशवीचा बंद चाकाशी लोंबतोय, कुणाचा दिवा दिवसाढवळ्या चालू. सिस्टरना दिसलं की त्या गाडी वळवून त्याच्या मागे जाणार आणि सांगून येणार. आता हे आपणही करतो म्हणा. ओळख ना देख, पण "ओ दादा, स्टँड!" असं ओरडल्याशिवाय आपल्याला पुढे जाववत नाही. सिस्टर मात्र ओरडून थांबायच्या नाहीत. त्याने स्टँड वर केलेला बघेपर्यंत त्या त्याची पाठ सोडायच्या नाहीत.

गुरुजी गेले. लेक लग्न करून परदेशात होती, ती येऊन आईला घेऊन गेली. निघताना सिस्टर गाडीवर ताडपत्री घालून आल्या आणि मला म्हणाल्या, "महिन्यातून एकदा सुरू करा. नुसती सुरू करा. चालवू नका." माझ्याबद्दल त्यांचं मत गुरुजींपेक्षा फार वेगळं नसावं.

तिकडे लेकीचं घर चौथ्या मजल्यावर. जावयाने मोठ्या हौसेने खिडकीपाशी एक गुबगुबीत खुर्ची आणून ठेवली होती. शेजारी छोटं टेबल, टेबलावर चष्म्याला जागा.

"आई, इथून सगळा रस्ता दिसतो," तो म्हणाला.

सिस्टरनी खुर्ची पाहिली. रस्ता पाहिला. "जावईबापू, खुर्ची छान आहे. तुम्ही बसत जा."

त्या खुर्चीची त्यांना धास्ती बसली, हे मला लेकीने सांगितलं. त्या म्हणे रात्री जेवतानासुद्धा तिच्याकडे पाठ करून बसायच्या. आयुष्यभर अशा खुर्च्यांमध्ये बसलेली माणसं त्यांनी पाहिली होती. पट्टी बदलायला दुसरीच कुणीतरी येते, आणि ही माणसं आपली खुर्चीतूनच विचारतात, बाहेर ऊन आहे का गं? सिस्टरनी लेकीला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "मला काम बघ. नाहीतर मी परत जाते."

काम मिळालं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन देखभाल करणारी एक संस्था होती, तिला माणसं हवीच होती. पण घरं टेकडीवर, दूरदूर विखुरलेली. तिथपर्यंत बस जात नव्हती. स्वतःचं वाहन असेल तरच काम. आणि आपल्याकडचा परवाना तिथे चालत नव्हता. चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या बाईला नव्याने शिकवणी लावावी लागली.

शिकवणारे मास्तर लालबुंद चेहऱ्याचे आणि फार शांत. सिस्टरना तिथली भाषा कामापुरती येत होती. मास्तरांना आपली अजिबात येत नव्हती. पण हेल्मेटमध्ये बसवलेल्या यंत्रातून ते मागच्या गाडीतून सूचना द्यायचे, म्हणजे सिस्टरच्या कानातच बसलेले. पहिल्या दिवशी पहिल्या वळणावर सिस्टरनी सवयीने हॉर्न वाजवला. पदपथावरची सगळी माणसं थबकून बघायला लागली. एका आजोबांनी टोपी काढली.

"काय झालं? कुणावर चिडलात?" कानातून मास्तर.

"कुणावर नाही. मी येतेय हे सांगितलं."

"ते दिसतंय त्यांना."

"वळणापलीकडच्यांना कसं दिसेल?"

मास्तर म्हणाले, "इथे हॉर्न म्हणजे शिवी असते."

घरी येऊन सिस्टर लेकीला म्हणाल्या, "म्हणजे आज मी अख्ख्या बाजाराला शिव्या देऊन आले. चांगली ओळख झाली."

रस्त्याची बाजू उलटी, हे त्यांनी दोन दिवसांत अंगवळणी पाडलं. अंगठा हॉर्नवरून उचलायला आठवडा लागला. त्यासाठी त्यांनी अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळली. सर्वांत अवघड गेलं ते सिग्नलला मागे थांबणं. पुढे मोटारी उभ्या, दोन रांगांच्या मधे एक अख्खी मोटारसायकल जाईल एवढी फट, आणि सिस्टर मोटारीमागे मोटारीसारख्या उभ्या. "समोर ताट वाढलंय आणि हात बांधलेत," असं त्या म्हणायच्या. पादचारी पट्ट्यांवर त्या थांबायच्या आणि पादचाऱ्याला हाताने 'या, या' करायच्या. तो मान हलवून जायचा आणि मास्तर कानातून म्हणायचे, "बोलवायची गरज नाही. तो येणारच आहे."

एक दिवस त्या घरी आल्या त्या रागारागाने. "इथले पुरुष चावट आहेत."

"कोण? काय झालं?" लेक घाबरली.

"समोरून मोटारसायकलवरून येतात आणि मला हात करतात. एक नाही, चौघे. ओळख ना देख."

लेक हसत सुटली. "आई, इथे दुचाकीवाले एकमेकांना हात करतात. रीत आहे."

"का?"

"असंच. आपण सगळे गाडीवाले म्हणून."

सिस्टर विचारात पडल्या. "आणि कुणी वाट दिली तर? परवा एकाला पुढे जाऊ दिलं तर त्याने मला पाय दाखवला."

"ते आभार असतात. हात मोकळा नसतो ना, म्हणून पाय बाहेर काढतात."

"बरं आहे. लाथ मारली की आभार, आणि हॉर्न दिला की शिवी."

पण शिकल्या. परीक्षा दिली, पास झाल्या. परवाना मिळाला तो कच्चा. वर्षभर एकही तक्रार आली नाही तर पक्का, आली तर तो काढून घेतला जाऊ शकतो. सिस्टरनी जुनी, ठेंगणी गाडी घेतली आणि टेकडीवर फिरू लागल्या. समोरून येणाऱ्यांना हात करू लागल्या. जावई म्हणतो, काही दिवसांनी त्या इतक्या उत्साहाने हात करायच्या की समोरचाच बावरायचा. टेकडीवरच्या एका आजोबांच्या पायाची जखम त्यांनी तीन महिन्यांत भरत आणली. आजोबा भारी खडूस. बाकीच्यांना शिव्या घालणारा हा माणूस सिस्टरची गाडी ऐकली की दार उघडून उभा राहायचा.

आता जाकीट.

दुपारची वेळ. सिस्टर एका घरून दुसऱ्या घरी चाललेल्या. वाटेत पेट्रोलपंप. तिथून एक माणूस निघाला. चामडी जाकीट, जुनी, घासूनपुसून आरशासारखी केलेली मोटारसायकल, आवाज असा की खिडक्यांच्या काचा थरथराव्यात. नव्या गाड्या स्टँड खाली असेल तर पुढेच जात नाहीत, बंद पडतात. ही तसली नव्हती. जाकीटवाला रस्त्याला लागला आणि सिस्टरना त्याच्या डाव्या पायामागे स्टँड लोंबताना दिसला.

आपल्याकडे डावं वळण चिंचोळं, माणूस आपोआप हळू होतो. तिकडे रस्त्याची बाजू उलटी, त्यामुळे डावं वळण रुंद, ऐसपैस, आणि लोक ते वेगात, गाडी चांगली कलवून घेतात. स्टँडही डावीकडेच असतो. गाडी डावीकडे कलली की तो रस्त्याला टेकतो, आणि मग गाडी कुणीकडे आणि माणूस कुणीकडे. तो रस्ता नदीकाठाने सरळ जाऊन पुलापाशी लांब डावीकडे वळत होता. सिस्टर रोज जायच्या, त्यांना ते वळण पाठ होतं.

त्या मागे लागल्या.

आधी तिथल्या रीतीने. हॉर्न म्हणजे शिवी, तेव्हा हॉर्न नको. त्यांनी थोडं पुढे होऊन डावा पाय बाहेर काढला आणि स्टँड मागे ढकलल्यासारखा हलवला. जाकीटवाल्याला वाटलं, बाई कशाचे तरी आभार मानतेय. त्याने ऐटीत हात वर केला, म्हणजे असू द्या, असू द्या. आणि वेग वाढवला.

सिस्टरनी पुन्हा पाय हलवला. त्याने पुन्हा हात केला. पूल दिसायला लागला होता.

मग मात्र चाळीस वर्षांचा अंगठा जागा झाला. हॉर्न वाजला तो असा की नदीवरची बदकं उडाली. जाकीटवाल्याने मागे वळून एक बोट दाखवलं. सिस्टरनी मधली पांढरी रेघ ओलांडली, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या रांगेत शिरल्या, त्याच्या डाव्या अंगाला आल्या आणि त्याच्या स्टँडच्या दिशेने लाथ झाडत ओरडल्या, "अरे बाबा, स्टँड! स्टँड! मरशील!"

दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, मधे त्याच्या गाडीचा तो आवाज. त्याला दिसलं ते एवढंच की हेल्मेटखालून पांढरे केस उडणारी एक बाई पाठलाग करत आली आणि लाथा मारायला लागली. त्याने करकचून ब्रेक लावला आणि कडेला गाडी उभी केली. वळणाच्या थोडंसं अलीकडे.

सिस्टरही थांबल्या. हेल्मेट काढून, धापा टाकत त्यांनी बोटाने दाखवलं. "स्टँड."

जाकीटवाल्याने पाहिलं. गाडी स्टँडवर उभी होती. उभ्या गाडीचा स्टँड खालीच असणार, त्यात बघायचं काय? त्याने सिस्टरच्या गाडीच्या नंबराचा फोटो काढला.

आठवडाभरात परवान्याच्या कचेरीतून बोलावणं आलं. हॉर्न वाजवून त्रास दिला, रेघ ओलांडली, चालत्या गाडीला लाथ मारण्याचा प्रयत्न केला. कच्चा परवाना. रीत अशी की साहेबासमोर जाऊन झाल्याबद्दल खेद आहे असं तोंडाने म्हटलं तर ताकीद देऊन सोडतात. नाही म्हटलं तर परवाना तीन महिने बंद आणि परीक्षा पुन्हा.

"मग म्हणून टाका ना आई," जावई म्हणाला. "एक शब्दाचं तर काम आहे."

"कशाबद्दल म्हणू?"

"झालं त्याबद्दल."

"झालं काय? तो मेला नाही. याचा मला खेद आहे असं म्हणू?"

"तसं नाही..."

"रेघ ओलांडली ते चुकलं. हॉर्न दिला ते इथे चालत नाही, कबूल. दंड लावा म्हणावं. पण मागे का गेले याबद्दल मी माफी मागणार नाही. उद्या दिसला तर उद्या पुन्हा जाईन."

"हे तेवढं तिथे बोलू नका!"

लेक चिडली. "आई, परवाना गेला तर काम जाईल. मग घरात बसावं लागेल, ते चालेल का?"

कुणी मुद्दाम पाहिलं नाही, पण सगळ्यांची नजर त्या गुबगुबीत खुर्चीकडे गेली.

"मग बसेन," सिस्टर म्हणाल्या. पण जेवल्या नाहीत.

कचेरीतली ती खोली छोटी होती. भिंतीवर घड्याळ, एक लांब टेबल, पाण्याचे कागदी पेले. टेबलापलीकडे साहेबीण, वयाने लेकीएवढीच, सर्दी झालेली. एका बाजूला जाकीटवाला, जाकीट मांडीवर घडी करून ठेवलेलं. जाकिटाशिवाय तो अगदीच साधा दिसत होता, कुणाचाही मेहुणा असावा तसा. दुसऱ्या बाजूला सिस्टर, आणि भाषांतर करायला लेक.

जाकीटवाल्याने आपलं सांगितलं. खोटं काही बोलला नाही. आधी पाय दाखवला, मग हॉर्न, मग लाथ. स्टँडचं विचारलं तेव्हा म्हणाला, "मी कधी विसरत नाही."

साहेबिणीने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर बोलल्या, थोडक्यात. लेकीने भाषांतर केलं, लांबलचक. सिस्टरनी ते कान देऊन ऐकलं आणि टेबलावर हात ठेवला.

"तू काय सांगितलंस?"

"तू म्हणालीस तेच."

"यात तो शब्द आला. मला बाकी भाषा येत नसेल, पण तो शब्द मी इथे आल्यावर पहिल्यांदा शिकले. बसमध्ये कुणाच्या अंगाला कोपर लागलं तरी म्हणतात. मी तो म्हटलेला नाही. काढ तो."

"आई, प्लीज."

"काढ."

साहेबिणीने नाक पुसलं आणि विचारलं, काय चाललंय. लेकीचा चेहरा लाल झाला. ती म्हणाली, आई म्हणतेय की खेदाचं मी माझ्या मनाने घातलं.

"त्यांना विचारा," साहेबीण म्हणाली, "एका अनोळखी माणसासाठी एवढं कशाला? एकदा खूण केली, त्याला कळलं नाही, सोडून द्यायचं."

यावर सिस्टरनी जे सांगितलं ते तोवर त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आमच्या गल्लीलाही नाही, आणि आमच्या गल्लीला न सांगता राहणं ही काय सोपी गोष्ट आहे?

"सांग त्यांना. मी तरुण होते. वस्तीवर एकीला कळा सुरू झालेल्या, मी घाईत निघालेली. मागून एक दूधवाला लागला. लुना, दोन्ही बाजूंना किटल्या, आणि हॉर्नवर हॉर्न. मला वाटलं, आलाय कोणी टवाळ. मी वेग वाढवला. त्यानेही वाढवला. दूध सांडत होतं, तरी सोडेना. शेवटी त्याने गाडी माझ्यापुढे आडवी घातली. मी उतरले आणि त्याच्या कानाखाली वाजवली."

लेक भाषांतर करत होती.

"तो गाल धरून म्हणाला, सिस्टर, आधी ओढणी सोडवा, मग हवं तर दुसरी द्या. मी खाली बघितलं. ओढणीचं टोक साखळीत गेलं होतं. काळं होऊन गुंडाळत चाललं होतं. दुसरं टोक माझ्या गळ्याभोवती."

आमच्या गल्लीला यातलं इतकंच ठाऊक होतं की दूधवाला सिस्टरच्या मागे लागलाय. गुरुजी एवढे शांत कसे, यावर पुष्कळ चर्चा झालेली मला आठवते. पुढे तो दूधवाला म्हातारा होईपर्यंत सिस्टरकडे त्याच्याशिवाय दुसऱ्याचं दूध आलं नाही, त्याचाही लोकांनी अर्थ लावलाच होता.

लेक मधेच थांबली. "हे कधीचं?"

"तू व्हायच्या आधीचं."

"किती आधी?"

"सातवा होता मला."

"म्हणजे मी होते गाडीवर."

"मग काय तुला घरी ठेवून जाणार होते?"

साहेबीण वाट बघत होती. लेकीने पाण्याचा पेला उचलला, न पिता ठेवला, आणि ते वाक्यही भाषांतर करून सांगितलं. जाकीटवाला मांडीवरच्या जाकिटाची चेन वरखाली करत होता.

"त्या दिवशी माफी मी मागितली," सिस्टर म्हणाल्या, "कारण मारलं मी होतं. त्याने मागितली नाही. त्याने कशाला मागायची? त्याने खूण करून सोडून दिलं असतं तर आज माझं भाषांतर करायला ही नसती. आता सांग त्यांना. रेघेचा दंड भरते. हॉर्नचा दंड भरते. मागे गेल्याची माफी नाही. आणि हे नीट सांग, तुझ्या मनाचं घालू नकोस."

लेकीने नीट सांगितलं. जावई बाहेर बाकावर होता, त्याला दारातून ऐकू आलं. तो म्हणतो, शेवटचं वाक्य बायको असं बोलली की त्याला क्षणभर सासूच बोलतेय असं वाटलं.

साहेबीण वाईट नव्हती. तिने पुन्हा विचारलं, नुसतं तोंडदेखलं म्हणायलाही तयार नाही का? सिस्टरनी मान हलवली. भाषांतराची गरज पडली नाही. परवाना तीन महिने बंद.

बाहेर आवारात जाकीटवाल्याची ती चकचकीत गाडी उभी होती. सिस्टर पायरीवर थांबल्या, दोन्ही हात कमरेवर. लेक हाताला धरून ओढतेय, चल आई, आता पुरे. सिस्टर हलेनात. जाकीटवाला गाडीवर बसला, किक मारली, त्या काचा थरथरवणाऱ्या आवाजात गाडी सुरू झाली. त्याने सिस्टरकडे पाहिलं. मग मान खाली घालून आपल्या डाव्या पायाशी पाहिलं, टाचेने स्टँड वर केला, आणि वर झाला का ते पुन्हा एकदा वाकून पाहिलं. मग गेला. हात केला नाही, पायही दाखवला नाही.

"कधी विसरत नाही म्हणे," सिस्टर म्हणाल्या.

संस्थेने टेकडीवरची घरं काढून घेतली आणि बसच्या रस्त्यावरची दोन दिली. पगार अर्धा झाला. खडूस आजोबांकडे दुसरी मुलगी जायला लागली, तिला त्यांनी दोनदा दारातून परत पाठवलं. तेव्हा सिस्टर सुट्टीच्या दिवशी टेकडी चढून पायी जाऊ लागल्या, पगाराबिगाराशिवाय. वर पोचेपर्यंत गुडघे बोलायचे. आजोबा दारात उभे राहून विचारायचे, गाडी कुठाय? सिस्टर म्हणायच्या, शिक्षा झालीय मला. आजोबांना याचं फार कौतुक वाटायचं. आपल्या नर्सला शिक्षा झालीय हे त्यांनी अख्ख्या टेकडीला सांगितलं. म्हणजे शिंपीणकाकू सगळीकडेच असतात.

आणि ती खुर्ची? एक दिवस सिस्टर कामावरून आल्या तर खुर्ची खिडकीपाशी नव्हती. लेकीने ती उचलून आतल्या खोलीत नेली होती, वर इस्त्रीचे कपडे टाकले होते.

तीन महिन्यांनी परीक्षा. मास्तर तेच. कानातून म्हणाले, "अंगठ्याला पट्टी?"

"नको आता," सिस्टर म्हणाल्या.

पास झाल्या. मास्तरांनी हात मिळवला आणि न राहवून विचारलं, आता असं कुणाचं काही दिसलं तर काय कराल? सिस्टरनी सांगितलं ते मला त्यांनी इकडे आल्यावर करून दाखवलं, माझ्या ओट्यावर, पाटावर बसून. मागून जायचं. पुढच्या सिग्नलला त्याच्या मागे, मोटारीसारखं, शहाण्यासारखं उभं राहायचं. दिवा हिरवा व्हायच्या आत गाडी लावून उतरायचं, चालत जायचं, खांद्याला हात लावायचा आणि बोटाने खाली दाखवायचं. हॉर्न नाही, लाथ नाही, रेघ नाही.

"आणि पुढे सिग्नलच नसला तर?" मी विचारलं.

"मग हॉर्न आहेच की."

सिस्टर इकडे आल्या होत्या त्या ताडपत्रीखालची गाडी न्यायला नाही, नुसती चालवायला. पहिल्याच संध्याकाळी गल्लीतून निघाल्या, वळणावर एकदा छोटा हॉर्न दिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख पसरलं ते मी ओट्यावरून पाहिलं. लेक मागे बसली होती. शिंपीणकाकू दारात आल्या, टाचण्यांसकट.

"काय गं," काकू म्हणाल्या, "तिकडे म्हणे कुणाच्या तरी मागे लागली होतीस?"

"लागले होते," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या मुलाची डिकी उघडी आहे, त्याला सांगा." आणि गेल्या.

काकू माझ्याकडे वळल्या. "बघा, स्वतःच कबूल केलं!"

कबूल केलं हे खरं. सिस्टर त्या माणसाच्या मागे लागल्या होत्या. त्याच्या मोटारसायकलचा स्टँड खाली राहिला होता.